तीन पायऱ्या

माझं आजोळ पणजीत, मळा नावाच्या वस्तीत. आल्तिनोच्या टेकडीचा उतार जिथे संपतो आणि रुआ दि ऊरेंची खाडी जिथे लागते, त्या दोहोंमधल्या सखल पट्ट्यात. घर लहान, चिऱ्याचं, मंगळुरी कौलांचं. रस्त्यावरून आत यायला तीन पायऱ्या. खालची सगळ्यांत रुंद, कारण मासेवाली रोज सकाळी डोक्यावरची पाटी तिच्यावर उतरवायची. मधल्या पायरीच्या उजव्या कोपऱ्यात वाटीएवढा खळगा होता. चिरा असाच असतो, कुठे टणक, कुठे मऊ. मऊ तेवढं पाण्याने झिजत जातं. पावसाळ्यात त्या खळग्यात पाणी साचायचं आणि आम्ही भावंडं बोटभर कागदी होडी त्यात सोडून गरगर फिरवायचो. वरची पायरी आजीची. तुळशीपुढे पणती लावून झाली की ती तिथे येऊन बसायची आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाची विचारपूस व्हायची.

आज त्या घराला एकच पायरी उरली आहे. तीही रस्त्यापासून जेमतेम चार बोटं वर.

पायऱ्या कुणी तोडल्या नाहीत. त्या होत्या तिथेच आहेत. रस्ता वर आला. मी पाचवीत असताना मे महिन्यात गल्लीचं हॉटमिक्स झालं, तेव्हा खालच्या पायरीची कड डांबरात बुडाली. आम्हाला त्याचं काय! तो तापलेला काळा वास, तो रोलर, त्यामागून चालणारे कामगार. दिवसभर दारातून हललो नाही. मग दर काही वर्षांनी एकेक थर. दरवेळी दोन-अडीच इंच. कुणाच्या डोळ्यांवर येत नाही इतकंच. माझा मुलगा रांगायला लागला तेव्हा मधल्या पायरीचा खळगा शोधायला गेले, तर तो नव्हता. जुना थर खरवडून काढायचा आणि मग नवा घालायचा, म्हणजे रस्त्याची उंची जिथल्या तिथे राहते, ही साधी गोष्ट मला फार उशिरा कळली. खरवडायला यंत्र लागतं, वेळ लागतो. वर ओतून मोकळं होणं सोपं पडतं.

गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्याला यानं काही बिघडत नसेल. पण मळ्यासारख्या ठिकाणी पाच इंच म्हणजे कोरडी झोप आणि उशाला पाणी यांतला फरक.

मळा हा शब्दच सांगतो की इथे पूर्वी काय असेल. एका बाजूने टेकडीचं पाणी उतरतं. फिनिक्स झरा, पलीकडचा बोका द वाका हे त्याच टेकडीच्या पोटातले. शेजारच्या फोंतायणस वाड्याला नावच झऱ्यावरून पडलेलं. दुसऱ्या बाजूने मांडवीची भरती खाडीतून आत येते. वरून पाऊस. गोव्यात अजूनही पाऊस इंचांत मोजतात. वर्तमानपत्रात ‘पावसाने शंभरी गाठली’ अशी बातमी आली की लोक समाधानाने मान हलवतात. टेकडी, खाडी आणि आभाळ अशा तीन दिशांनी पाणी यायचं आणि तरीही आजीच्या हयातीत ते उंबरा ओलांडून आत आल्याचं मला आठवत नाही. रस्त्यावर यायचं. खालच्या पायरीला लागायचं. एखाद्या वर्षी मधल्या पायरीचा खळगा भरून जायचा. मग निघून जायचं.

ते कधी येणार आणि कधी जाणार, हे आजी आधीच सांगायची. तिचं शिक्षण चौथीपर्यंत, तेही मराठी. आमच्याकडे बोलायचं कोंकणीत आणि वाचायचं मराठीत, हा रिवाज. भिंतीवर कालनिर्णय असायचं. आषाढाचा पाऊस कोसळायला लागला की ती तिथी बघायची आणि मनात गुणाकार करायची. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. दशमीला साडेसात. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दिवसाची एक, रात्रीची एक. कोकणच्या सगळ्या किनाऱ्यावर दर्यावर्दी मंडळींना हा हिशेब पाठ असतो. शिवाय पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण मोठं आणि पावसाळ्यात दिवसाची भरती रात्रीच्या भरतीपेक्षा चढती, हेही तिला ठाऊक होतं. पाऊस कितीही पडो, सुकती असेल तर पाणी नदीत निघून जातं. भरती असेल तर नदीच वर आलेली असते, गटाराचं तोंड पाण्याखाली असतं, पाण्याला जायला जागाच नसते. “सुकती लागली की उदक वतलें,” आजी म्हणायची आणि पुन्हा पोळ्या लाटायला लागायची. सुकती म्हणजे ओहोटी; उदक वतलें म्हणजे पाणी जाईल. मला हा शब्द ओहोटीपेक्षा आवडतो. त्यात पुढे काय होणार ते सांगितलेलं आहे.

तिचं माहेर दिवाडीचं, मांडवीतल्या बेटावरचं. त्यामुळे हे सगळं तिला खाजनातून आलेलं. ज्यांनी खाजन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण पणजी समजायची तर खाजन समजल्याशिवाय इलाज नाही. खाडीकाठची, भरतीच्या पातळीहून खाली असलेली जमीन मातीचे बांध घालून शेकडो वर्षांपूर्वी शेतीखाली आणली, ती खाजन. बांधात ठिकठिकाणी मानस असते. मानस म्हणजे लाकडी दारं बसवलेली मोरी. दार वरच्या बाजूला असं टांगलेलं की भरतीचं पाणी बाहेरून रेटायला लागलं की ते आपसूक मिटतं आणि सुकतीला आतलं पाणी रेटायला लागलं की आपसूक उघडतं. ना मोटर, ना माणूस. खाऱ्या पाण्यापासून भातही वाचतं आणि पावसाचं पाणीही बाहेर जातं. सुकतीला मानशीच्या तोंडाशी जाळं लावलं की मासळी मिळते ती वेगळीच. या जमिनीत कोर्गुट नावाचं, थोडा खारटपणा सोसणारं भात पिकायचं. सारा गाव त्या बांधांवर नजर ठेवून असायचा, कारण एका ठिकाणी बांध फुटला की सगळ्यांचं शेत जातं.

आजी म्हणायची, घराला पायऱ्या असतात त्या चढायला नसतात, पाण्याला थांबायला जागा म्हणून असतात. लहानपणी मला ती कोडं घालते आहे असं वाटायचं.

पणजी शहर मुळात भरावावर उभं आहे, हे पणजीत वाढलेल्या कितीतरी लोकांना माहीत नसतं. नदीच्या वरच्या अंगाला जुने गोवे होतं, पोर्तुगिजांची भव्य राजधानी. तिथल्या जमिनीत पाणी मुरायचं, विहिरी नासायच्या, साथींमागून साथी आल्या आणि माणसं मरून, पळून ते शहर ओस पडलं. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने आपलं बिऱ्हाड पणजीतल्या आदिलशहाच्या वाड्यात हलवलं. तेव्हा पणजी म्हणजे वाडा, चर्च, थोडी घरं, माडाची भाटं आणि दलदल. दों मान्युएल द पोर्तुगाल ई काश्त्रो या प्रशासकाने १८३५ पर्यंतच्या आपल्या कारकिर्दीत वाळूच्या टेकड्या सपाट केल्या, दलदली बुजवल्या, सरळ रस्ते आखले. १८४३ मध्ये लिस्बनहून फर्मान निघालं आणि पणजी ‘नोव्हा गोवा’ झाली. जुन्या गोव्यातल्या पडक्या इमारतींचे दगड होड्यांतून इथे आले. पणजीच्या चर्चमधली ती मोठी घंटासुद्धा जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची.

म्हणजे पाण्यानं नासलेलं एक शहर सोडून लोकांनी दुसरं वसवलं, ते पाणी बुजवूनच. मला हे वाचल्यावर बराच वेळ काही सुचलं नव्हतं. पण एक गोष्ट त्या काळातल्या बांधणाऱ्यांनी केली होती आणि ती आजही जागोजाग दिसते. त्यांनी जोती उंच ठेवली. फोंतायणस, सांतोमे, मळा इथली जुनी घरं बघा. दारासमोर पायऱ्या आहेत, बाल्कांव, म्हणजे दारापुढची बैठक, उंचावर आहे, काही घरांत राहती खोली माडीवर आणि तळघरात नारळ, लाकूडफाटा. जमीन भरली तरी तिच्यावर त्यांचा पुरता विश्वास नव्हता. रायबंदरकडे जाणारा लिन्यारिशचा पूल १६३३-३४ मध्ये बांधला, तीन किलोमीटर लांबीचा, तोही खाजनातून आणि मिठागरांतून जाणारा. आजही त्याच्यावरून वाहनं धावतात. त्याच्या कमानी बघताना एवढंच जाणवतं की बांधणाऱ्याने पाण्याला वाट ठेवली होती.

पुढची वाढ माझ्या डोळ्यांदेखत झाली. माझं माहेर म्हापशाचं. आठवड्याच्या शेवटी बसने पूल ओलांडून आजोळी यायचो. १९८६ च्या ५ जुलैला मांडवीवरचा पूल कोसळला, आणि पुढची काही वर्षं आम्ही बेती-पणजी फेरीबोटीने आलो-गेलो. मामा धक्क्यावर छत्री घेऊन उभा असायचा. त्या वर्षांत पणजीला आपण नदीकाठी आहोत याची रोज आठवण होत होती. पुढे एक पूल झाला, त्याच्या शेजारी दुसरा, आणि २०१९ च्या जानेवारीत दोन्हींच्या डोक्यावरून जाणारा अटल सेतू. मी त्याच्या विरोधात नाही. म्हापशाहून बांबोळीच्या इस्पितळात रुग्ण नेणाऱ्या माणसाला तो पूल काय वाटतो ते मी पाहिलं आहे. पण नदी आता खाली, लांब, चित्रासारखी दिसते. ती भरतीला आहे की सुकतीला, गाडीतून कळत नाही.

पाटो नावाच्या भागात खाजनात भराव घालून बसस्थानक आणि कार्यालयांच्या इमारती उभ्या राहिल्या. विधानसभा आणि सचिवालय पर्वरीला गेलं, मागाहून उच्च न्यायालयही गेलं. १८४२ साली सुरू झालेली वैद्यकशाळा नव्वदच्या दशकात कांपालहून बांबोळीला गेली. तिच्या जुन्या इमारतीच्या आवारात २००४ पासून चित्रपट महोत्सव भरतो. १८३२ साली स्थापन झालेलं मध्यवर्ती ग्रंथालय पाटोवर गेलं, जागा प्रशस्त मिळाली, छान झालं. प्रत्येक स्थलांतराला कारण होतं आणि बहुतेक कारणं पटण्यासारखी होती. पण दुपारी बाराला सचिवालयातून सुटणारी कारकून मंडळी, त्यांच्यावर चालणारी खाणावळ, वैद्यकशाळेच्या मुलांना खोल्या भाड्याने देणाऱ्या विधवा बायका, हे सगळं हळूहळू गेलं. त्यांच्या खोल्या आता पाहुण्यांसाठी असतात. फोंतायणसमधल्या गल्लीत सकाळी दार उघडलं तर समोर कुणीतरी फोटो काढत असतं, आणि आतल्या म्हातारीला दूध आणायला जायचं असतं. नदीकाठी जिथे अष्टमीच्या फेरीत, म्हणजे जत्रेत, आम्ही मातीची भांडी आणि लाकडी पोळपाट घ्यायचो, तिथून थोड्या अंतरावर कॅसिनोच्या जहाजांचे धक्के आहेत. त्याबद्दल मला जास्त लिहायचं नाही. संध्याकाळी तिथून मुलाला घेऊन फिरावंसं वाटत नाही, इतकं सांगून थांबते.

२०११ च्या जनगणनेत पणजी शहराची लोकसंख्या ४० हजारच होती. आसपासची वस्ती धरली तर १ लाख १४ हजारांवर. म्हणजे पणजीची माणसं पणजीत राहत नाहीत. ती ताळगावात, मेरशीत, पर्वरीत, कदंब पठारावर राहतात आणि सकाळी शहरात येतात. मीही त्यांतलीच. माझा फ्लॅट ताळगावात, पाचव्या मजल्यावर. खिडकीतून अजून थोडं शेत दिसतं. ताळगावच्या शेतांना मोठा मान होता. ऑगस्टमध्ये कणसांच्या फेस्ताला नव्या भाताची पहिली लोंबी इथून कापली जाते. आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा आमच्या इमारतीच्या खालीही असंच शेत होतं. नोंदणीच्या दिवशी मी पेढे वाटले होते. आता पावसाळ्यात त्या खिडकीत उभी राहिले की पेढ्यांची ती पुडी आठवते.

कारण हिशेब सरळ आहे आणि तो मी एकदा कागदावर मांडला. शंभर मीटर लांब, शंभर मीटर रुंद शेत घ्या. त्याच्यावर एका दिवसात चार इंच पाऊस पडला, जो आमच्याकडे आषाढात विशेष नवलाचा नाही, तर ते पाणी होतं दहा लाख लिटर. दहा हजार लिटरचे शंभर टँकर. शेत ते पाणी धरून ठेवतं, बांधाबांधाने हळूहळू सोडतं, काही मुरवतं. त्याच शेतावर काँक्रीट आणि पेव्हर आले की शंभर टँकर काही तासांत ओढ्याकडे धावतात. ओढा म्हणजे सांत इनेजची खाडी, ताळगावच्या बाजूने निघून शहराच्या पश्चिम अंगाने कांपालपाशी मांडवीला मिळणारी. तिच्या दोन्ही काठांना भिंती आल्या आहेत. तिच्यात काय काय सोडलं जातं ते पुलावरून जाताना नाकाला कळतं. कधीकाळी तिच्यातून होड्या आत येत असत. म्हणजे मी ताळगावात राहायला गेले आणि पाणी शहराकडे गेलं. मळा दुसऱ्या खाडीवर आहे हे खरं. पण टेकडीच्या त्या बाजूलाही उतारावर इमारती झाल्या आहेत, आणि मांडवी तर एकच आहे.

गोव्यात लोक अशा गोष्टींसाठी रस्त्यावर उतरले आहेत. २०११ चा म्हणून केलेला प्रादेशिक आराखडा जनतेच्या रेट्यामुळे २००७ च्या जानेवारीत सरकारला मागे घ्यावा लागला. तेव्हा मी आझाद मैदानावर गेले होते, मुलगा कडेवर होता. शेत वाचवायची घोषणा देताना घसा बसला होता. पुढे जमिनींचे झोन एकेक तुकड्याने बदलत राहिले, आणि एकेका तुकड्यासाठी दरवेळी हजारो माणसं जमत नाहीत.

२०१६ च्या मे महिन्यात पणजीची स्मार्ट सिटीसाठी निवड झाली. शहराच्या पोटातल्या नळांचं, मलवाहिन्यांचं काम व्हायला हवंच होतं; जुन्या वाहिन्या किती जीर्ण झाल्या होत्या ते मळ्यात राहणाऱ्यांना कुणी सांगायला नको. तारा जमिनीखाली गेल्या, काही पदपथ चालण्याजोगे झाले. ते चांगलं झालं असं मी म्हणते आणि मनापासून म्हणते. माझं दुखणं वेगळं आहे. पणजीच्या इतक्या नकाशांत, इतक्या सादरीकरणांत मी तिथी कुठे पाहिलेली नाही. नदी निळ्या रंगात दाखवलेली असते, एकाच पातळीवर, स्थिर. पण मांडवी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. जिच्या काठी शहर आहे ती गोष्ट हलते आहे, आणि रेखाटनात ती हलत नाही. रस्ता किती उंच असावा, गटाराचं तोंड कुठे उघडावं, मोकळी जागा कुठे सोडावी, हे सगळं त्या हलण्यावरून ठरायला हवं. चौथी शिकलेल्या बाईला जे जमत होतं ते आपल्या शहराला जमत नाही याचं मला खरोखर दुःख होतं.

काही वर्षांपूर्वीची गुरुपौर्णिमा. रात्रभर पाऊस होता. सकाळी दहाला मामाचा फोन आला, “बाय, आज पुनव न्हय?” एवढंच बोलला. मला कळलं. मुलाला घेऊन निघाले, चर्चच्या पुढे गाडी ठेवली आणि उरलेलं अंतर चालत गेले. गुडघ्याखाली पाणी होतं, चहाच्या रंगाचं, आणि त्यावर कुणाच्या तरी पूजेची फुलं तरंगत होती. मामाने दाराच्या चौकटीला दोन्ही अंगांनी खाचा पाडून घेतल्या आहेत. त्या खाचांत फणसाची जाड फळी वरून सरकवायची, फटींत चिकणमाती दाबायची, आतून वाळूची पोती लावायची. मी पोहोचले तेव्हा सत्तरी ओलांडलेला मामा आणि मामी दोघं मिळून ती फळी बसवत होते. मामाच्या हातांना माती, मामीच्या पदराचा बोळा एका फटीत. मी बाहेर रस्त्यावर उभी, पाण्यात. ती दोघं आत, फळीच्या पलीकडे. आणि एकदम माझ्या लक्षात आलं की ही मानस आहे. दिवाडीच्या खाजनातून निघून आजी शहरात आली, आणि तिच्या लेकाने आता घराला मानस बसवली आहे. फरक एवढाच की ही आपसूक उघडत नाही.

सव्वाअकराला पाणी फळीच्या वरच्या कडेला दोन बोटं कमी होतं. तिथे ते थांबलं. आम्ही कुणीच बोलत नव्हतो. पलीकडे पंपांचा आवाज येत होता. ते चालू होते, पण नदी चढलेली असताना पंप तरी किती खेचणार. पावणेबाराला फळीवर एक ओली रेघ दिसली. पाणी अर्धा इंच उतरलं होतं. मामीने देव्हाऱ्यापुढची राहिलेली पूजा केली. घरात आत, मोरीतून उलटं आलेलं पाणी बोटभर होतंच, ते आम्ही संध्याकाळपर्यंत काढत बसलो. तांदळाचा डबा आधीच पलंगावर ठेवलेला होता. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, सुकी मासळी, कोकमं, सगळं माळ्यावर. या घरात आता जूनपासून सप्टेंबरपर्यंत काहीच जमिनीवर ठेवत नाहीत.

मामाने जमीन दोन फूट उंच करून घ्यायचा विचार केला होता. गवंड्याने मापं घेतली. दोन फूट भर टाकली तर दाराची चौकट इतकी खाली येते की मामाला स्वतःच्या घरात वाकून शिरावं लागेल. खिडक्या गुडघ्याशी येतील. छप्पर उचलायचं तर खर्च पेन्शनीच्या आवाक्यात नाही. एक गृहस्थ दोनदा येऊन गेले, त्यांना तिथे पाहुण्यांसाठी खोल्या काढायच्या आहेत. किंमत चांगली सांगतात. माझ्या मामेभावाला, जो पुण्यात असतो, ते पटतं. मला मामाला विका म्हणायचा धीर होत नाही आणि विकू नका म्हणायचा हक्क नाही. मी पाचव्या मजल्यावर राहते.

या उन्हाळ्यात गल्ली पुन्हा खोदली. वाहिनी टाकायची होती. चर अगदी दाराला लागून, कमरेइतका खोल. मामाने कामावरच्या तरुण इंजिनियरला विचारलं की काम झाल्यावर रस्त्याची लेव्हल कुठे येणार. तो मुलगा सभ्य होता. त्याने नकाशा उलगडून दाखवला. रस्त्याच्या मध्यरेषेवर आकडे होते. घरांच्या जागी दोन्ही बाजूंना नुसती एकेक रेघ. “काका, घराची लेव्हल यात नसते,” तो म्हणाला. मामाने आतून टेप आणली आणि उंबऱ्याचं माप त्याला घ्यायला लावलं. त्याने ते आपल्या वहीत लिहून घेतलं. त्याचं पुढे काय होईल सांगता येत नाही, पण त्याने लिहून घेतलं.

मी दुपारी गेले तेव्हा चराची बाजूची भिंत सरळ कापल्यासारखी दिसत होती. वर काळा थर, खाली खडी, परत काळा, परत खडी, तांबडी माती, मग आणखी एक काळा. मी मोजले, सहा थर होते. आणि त्या थरांना टेकून, दाराच्या खाली, आमच्या दोन्ही पायऱ्या. ओल्या, तांबड्या, धडधाकट. मी चरात उतरले. मधल्या पायरीच्या उजव्या कोपऱ्यात हात घातला. खळग्यात डांबर गच्च बसलं होतं, पण त्याचा काठ बोटांना लागला.

कामगारांची जेवायची वेळ झाली होती. उन्हाचा तडाखा होता आणि सावली फक्त चरात. एक पोरगेलासा कामगार डबा घेऊन खाली आला, इकडेतिकडे पाहिलं आणि रुंद पायरीवर बसला, मासेवालीच्या पायरीवर. डबा उघडून मांडीवर घेतला. मामीने दारातून त्याला पाहिलं आणि आत जाऊन सोलकढीचा पेला भरून आणला. वरून हात पुरेना. मग ती उंबऱ्यावर गुडघे टेकून ओणवी झाली, आणि त्याने खालून दोन्ही हातांनी पेला घेतला.